तपासणीची वही

एकतीस वर्षं प्रेसमध्ये छापलेले ताव उजेडाला धरले.
जलचिन्ह इकडे सरकलेलं, तिकडे शाईचा ठिपका,
दोष शोधायचा आणि ताव बाजूला काढायचा, एवढंच काम.
आता जेलरोडच्या गॅलरीत, सकाळी सव्वासातला,
पांढऱ्या वाडग्यातला चहा उजेडाला धरतो
आणि शैला आतून म्हणते,
"धरा, धरा. गांधीजी दिसतायत का बघा."

पार्सल येतं दार्जिलिंगहून. पन्नास ग्रॅम.
किंमत मी तिला सांगितलेली नाही,
तिनं ती पाकिटावर वाचलेली आहे.
पानं बशीत ओतली की आधी नुसती बघायची:
काळी, वळलेली, टोकाशी सोनेरी लव.
मेलेल्या मुंगळ्यांसारखी, असं शैला म्हणते.
मग तोंडाची वाफ सोडायची त्यांच्यावर, हा, अशी,
आणि नाक खुपसायचं.
गंगापूर रोडला लोक पेल्यात वाइन फिरवतात;
माझंही नाक तेवढंच वर, फक्त परवाना लागत नाही.

पाण्याचं वेगळं सांगतो.
फिल्टरचं चालत नाही. मेलेलं असतं,
त्यात पान उघडतं पण बोलत नाही.
बाटलीचंही आणून पाहिलं.
शेवटी चेहेडीचं, दारणेचं, आपलं नळाचं,
रात्रभर कळशीत निवळलेलं.
बुडबुडे मोहरीचे हरभऱ्याएवढे झाले की उतरवायचं.
साडेतीन मिनिटं.
चौथ्याला पान चिडतं.

वहीत लिहितो. जुनीच सवय, रकाने आखलेले:
बॅच, रंग, वास, दोष, शेरा.
सुरुवातीला पाकिटावरचंच उतरवून काढायचो,
मस्कटेल, माल्टी, ब्रिस्क,
आणि घोट घेताना त्यातलं काही सापडायचं नाही.
मग एकदा मार्चमध्ये जीभ आपणहून म्हणाली:
पिंपळगावच्या शेडमधली, अर्धी सुकलेली मनुका.
लिहिलं. त्यानंतर गर्दीच झाली.
पेरूची साल. चिंचोका.
भांडीबाजारात नव्या पितळेवर बोट फिरवलं
की बोटाला राहतो तो वास.
धुतलेली सतरंजी, तिसऱ्या दिवशी.

गुरुवारी पुंजाराम येतो. प्रेसमधलाच, नंबरिंगला होता.
साथीच्या तापात त्याचं नाक गेलं ते गेलंच.
कांदा कापताना डोळे भरतात, तेवढाच पुरावा.
पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्यासाठी साधा चहा टाकायला सांगितला.
तो म्हणाला, "का रे, मला रद्दीतला?"
तेव्हापासून दोन वाडगे.
घोट घेतो, गालात फिरवतो,
म्हणतो, "गरम. तुरट. पुढं तू वाच."
मी वहीतून वाचतो, सावकाश.
मनुकेला तो मान हलवतो,
पितळेला डोळे मिटतो,
सतरंजीला एकदा हसला: "ती आमच्याच घरची."

परवा नवा आसाम काढला होता.
मी एका शब्दापाशी अडलो होतो, पेन हवेत,
आणि पुंजारामनं वाडगा खाली ठेवला.
मान वर. नाकपुड्या, अगदी थोड्या.
"आहेर," म्हणाला, "काहीतरी करपलंय."

मी वाडग्यात नाक घातलं. काही नाही.
पुन्हा घातलं. वाटलं, माझीच साडेतीन मिनिटं चुकली,
एकतीस वर्षांचा तपासनीस, आणि दोष सापडेना.
तेवढ्यात बाल्कनीतून तुळशीला पाणी घालणारी शैला
"अगंबाई, दूध!" म्हणत पळाली.

उतू जाऊन ओट्यावरून खाली आलेलं,
बर्नरवर काळं झालेलं.
ती फडकं शोधत होती.
हा स्वयंपाकघराच्या दारात उभा,
पासष्टीचा माणूस, पायात मोजे, एक भोकाचा,
"पुसू नका वहिनी," म्हणत होता. "थांबा.
थोडं थांबा."

आसाम गार झाला. पुढं ओतूनच दिला, कुंडीत.
वहीत त्या तारखेला वास या रकान्यात आहे:
दूध, करपलेलं. तपासणार: पुंजाराम.
दोष: निरंक.

आणि खाली, शैलाच्या अक्षरात:
अर्धा लिटर.